कर्नल शिकायला कुठला बोर्ड घ्यावा? न्यूक्लिओ-एफ४४६आरई आणि त्याच्या आजूबाजूचे

स्वतः लिहिलेला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मरतो ना, तेव्हा काही म्हणजे काही दिसत नाही. एरर नाही, लॉग नाही, ब्लिंक होणारा एलईडी जिथल्या तिथे अडकलेला, बास. कारण मेसेज छापणारा कोड तुमचाच होता आणि तोच गेलाय. साध्या प्रोग्रामखाली ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती सांगते की इथे भलत्याच पत्त्यावर लिहिलंय. कर्नलच्या खाली कुणीच नसतं, डायरेक्ट सिलिकॉन. म्हणून बोर्ड घेताना मी सगळ्यात आधी हेच बघते की हा मेल्यावर मला आत डोकावता येणार का. मेगाहर्ट्झ, रॅम, वायफाय वगैरे सगळं त्याच्यानंतर.

मी पुण्यात फर्मवेअरचं काम करते, त्यामुळे सी-डॅकचा एम्बेडेडचा डिप्लोमा करणारी किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं हमखास विचारतात, ताई स्वतःची आरटीओएस (वेळ पाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) लिहून बघायचीय, बोर्ड कुठला घेऊ. बहुतेकांच्या मनात रास्पबेरी पाय आधीच ठरलेला असतो, कारण तो माहितीतला आहे आणि ताकदही जास्त. माझं उत्तर बरीच वर्षं तेच आहे, एसटी कंपनीचा न्यूक्लिओ-एफ४४६आरई घ्या. का घ्या ते नीट लिहिते, आणि कुठे कमी पडतो तेही लिहिते, कारण पडतो.

बोर्डावर चिप आहे एसटीएम३२एफ४४६आरई, आत आर्मचा कॉर्टेक्स-एम४ कोर फ्लोटिंग पॉइंट युनिटसकट, जास्तीत जास्त १८० मेगाहर्ट्झ, ५१२ केबी फ्लॅश, १२८ केबी रॅम. एक हिरवा एलईडी, एक निळं बटण, एक काळं रिसेटचं. दोन्ही बाजूंना आर्डुइनोच्या मापाचे हेडर आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला एसटीचे मॉर्फो हेडर, म्हणजे चिपच्या जवळपास सगळ्या पिना हाताशी. डिस्प्ले नाही, सेन्सर नाही, नेटवर्क नाही. बघायला अगदी साधा, आणि कर्नलसाठी मला हेच आवडतं, कारण जेवढं हार्डवेअर कमी तेवढं गोष्ट बिघडली की संशयित कमी.

खरा माल आहे बोर्डाच्या वरच्या तुकड्यात. तिथे वेगळी चिप बसवून एसटी-लिंक नावाचा डीबगर दिलाय आणि तो एकाच यूएसबी केबलवर तीन कामं करतो. जीडीबी या डीबगिंगच्या प्रोग्रामला कोअरच्या आत नेतो, चिपच्या यूसार्ट२ ला जोडलेला सीरियल पोर्ट कॉम्प्युटरवर देतो, आणि पेनड्राइव्हसारखा दिसतो म्हणजे बायनरी फाइल ओढून टाकली की फ्लॅश झाली. वेगळी वायर नाही, वेगळा प्रोग्रामर नाही. लिनक्सवर ओपनओसीडी (जीडीबी आणि एसटी-लिंकमधला दुवा) आणि जीडीबी टाका, तुमचं युजर डायलआउट ग्रुपमधे घाला, एसटी-लिंकचे यूडेव्ह रूल्स घाला, झालं. सगळं फुकट आणि ओपन.

आता हे का एवढं महत्त्वाचं ते एका उदाहरणाने सांगते, म्हणजे पटेल. कॉर्टेक्स-एम वर इंटरप्ट आला की हार्डवेअर आपणहून रजिस्टरमधले आठ शब्द (प्रत्येकी ३२ बिटचे) स्टॅकवर ढकलतं, आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर. उरलेले आर४ ते आर११ तुम्ही पेंडएसव्ही या टास्क बदलायसाठी ठेवलेल्या इंटरप्टच्या हँडलरमधे असेंब्लीने ठेवायचे, दुसऱ्या टास्कचा स्टॅक पॉइंटर लावायचा, त्याचे काढायचे, परत जायचं. एका टास्कवरून दुसरीवर जाणं, कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात तो एवढाच. पण टास्क पहिल्यांदा चालू होताना तिच्या स्टॅकवर ते आठ शब्द नसतातच, ते आपण खोटे रचून ठेवतो, आणि त्यातल्या एक्सपीएसआरचा २४ वा बिट, थंब बिट (कोअर थंब नावाच्या इन्स्ट्रक्शन मोडमधे आहे असं सांगणारा), लावायचा राहिला की टास्कमधे उडी मारल्या मारल्या फॉल्ट. नवीन माणूस इथे हमखास अडकतोच. डीबगर नसेल तर तुमच्याकडे फक्त एक बंद पडलेला एलईडी असतो आणि मग लोक शेड्युलर (पुढची टास्क निवडणारा कोड) बदलून बघतात, टायमर बदलून बघतात, ज्याचा काही संबंध नाही ते सगळं बदलतात. न्यूक्लिओवर काय होतं, तुम्ही जीडीबीमधे थांबवता, प्रोग्राम हार्डफॉल्ट हँडलरमधे उभा असतो, फॉल्ट स्टेटसचं रजिस्टर वाचता आणि त्यात इनव्हॅलिड स्टेटचा बिट लागलेला असतो. म्हणजे चिपच सांगते की मला आर्म मोडमधे ढकलायचा प्रयत्न झाला, जो माझ्यात नाहीच. कारण दोन मिनिटांत हातात. शिवाय एकदा असं रजिस्टर वाचून कारण सापडलं ना की पुढच्या वेळी मुलं अंदाज करतच नाहीत, थेट वाचतात, ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते.

दुसरा प्रकार, स्टॅक ओव्हरफ्लो. एका टास्कचा स्टॅक शेजारच्या टास्कच्या जागेत घुसतो आणि मरतो तो शेजारचा, तेही कधीतरी नंतर. एम४ मधे चार हार्डवेअर वॉचपॉइंट आहेत, स्टॅकच्या शेवटच्या शब्दावर एक लावून द्या, ज्या क्षणी कुणी तिथे लिहील त्या क्षणी कोअर थांबतो आणि गुन्हेगार कोण ते समोर. ब्रेकपॉइंट सहा आहेत, तेवढे पुरतात.

आणि इथे एक आतली गोष्ट, कारण ती मॅन्युअलमधे शोधायला वेळ लागतो. कधीकधी बस फॉल्ट इम्प्रिसाइज येतो, म्हणजे दाखवलेला पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) आणि खरा गुन्हा वेगवेगळ्या ठिकाणी, कारण लिहायचं काम बफरमधे टाकून कोअर पुढे निघून गेलेला असतो. एम४ च्या ऑक्झिलरी कंट्रोल रजिस्टरमधे हा राइट बफर बंद करायचा बिट आहे, डीबग करताना लावा, फॉल्ट बरोब्बर त्या ओळीवर येतो. थोडं हळू चालतं पण शिकताना कुणाला घाई आहे.

वेगाचं पण बोलूया, कारण १८० मेगाहर्ट्झ हा आकडा बॉक्सवर बघून लोक खुश होतात आणि पहिल्या दिवशीच पीएलएल (घड्याळाचा वेग वाढवणारं सर्किट) लावायला बसतात. नका लावू. रिसेटनंतर ही चिप आतल्या १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते आणि त्या वेगाला फ्लॅशला वेट स्टेट (वाट बघण्यात जाणारी सायकल) लागतच नाही, म्हणजे मोजलेली सायकल ही खरी सायकल. एम४ मधे डीडब्ल्यूटीचा सायकल काउंटर आहे, कॉन्टेक्स्ट स्विचच्या आधी वाचा, नंतर वाचा, वजाबाकी करा. आर्म सांगतं की शून्य वेट स्टेटला इंटरप्टचा हँडलर सुरू व्हायला १२ सायकल लागतात, ते तुम्ही स्वतः पडताळून बघू शकता आणि मग फ्लोटिंग पॉइंट वापरणारी टास्क आणली की स्टॅकवरची फ्रेम ८ वरून २६ शब्दांची कशी होते आणि लेझी स्टॅकिंग (फ्लोटिंग पॉइंटची रजिस्टर गरज पडली तरच ठेवणं) त्यातला वेळ कसा वाचवतं तेही. १८० मेगाहर्ट्झला फ्लॅशला पाच वेट स्टेट, ओव्हरड्राइव्ह मोड, प्रीफेच, कॅश, एवढं सगळं मधे येतं आणि आकडे हलायला लागतात. ते नंतरचं शिक्षण.

बाहेरचं घड्याळ लावणारच असाल तर ही एक अडचण ध्यानात ठेवा. या बोर्डावर मुख्य क्रिस्टल बसवलेलाच नसतो, जागा रिकामी असते. ८ मेगाहर्ट्झचं घड्याळ एसटी-लिंकच्या चिपकडून वायरने येतं, म्हणून एचएसई (बाहेरचं घड्याळ) चालू करताना बायपासचा बिट लावावा लागतो. दुसऱ्या बोर्डाचा कोड उचलून चिकटवला की रेडी बिटची वाट बघत लूपमधे अडकला असं होतं ते यामुळे. आणि एसटी-लिंकचा तुकडा तोडून वेगळा करता येतो म्हणून कुणी तोडला तर ते घड्याळ पण गेलं. तोडू नका, त्यापेक्षा वरचे दोन जंपर काढले की तोच डीबगर दुसऱ्या कुठल्याही एसटीएम३२ बोर्डाला लावता येतो, म्हणजे एका किमतीत डीबगर कायमचा मिळाला.

केबल यूएसबी मिनी-बी लागते, मायक्रो नाही, सी नाही. जुन्या कॅमेऱ्याची घरात सापडेल, नाहीतर सोबतच घेऊन टाका, कारण बोर्ड आला आणि केबल नाही असं फार जणांचं होतं. आणि डेटा जाणारी घ्या, नुसती चार्जिंगची नको.

कागदपत्रांना मी बोर्डाइतकंच वजन देते. एफ४४६ चं रेफरन्स मॅन्युअल आरएम०३९०, तेराशेच्या वर पानं, रजिस्ट्रेशन नाही, एनडीए नाही, डाउनलोड करा आणि वाचा. त्याच्यासोबत पीएम०२१४ हे छोटं प्रोग्रॅमिंग मॅन्युअल, ज्यात कोअर, एक्सेप्शन, एमपीयू (मेमरीचं संरक्षण करणारं युनिट), फॉल्ट सगळं आहे. कर्नल लिहिणाऱ्याने आधी पीएम०२१४ वाचायचं, रेफरन्स मॅन्युअलमधलं फक्त क्लॉक, जीपीआयओ आणि यूसार्ट एवढं पुरतं. एसटीचा क्यूबआयडीई (प्रोजेक्ट तयार करून देणारा प्रोग्राम) आणि हॅल ही आयत्या ड्रायव्हरची लायब्ररी या कामाला वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरीत वापरा, तिथे वेळ वाचतो. पण इथे स्टार्टअप फाइल आणि लिंकर स्क्रिप्ट हाच अभ्यास आहे आणि तो क्यूब तुमच्यासाठी करून टाकतो, वर हॅल स्वतःच्या मिलिसेकंदासाठी सिसटिक टायमर धरून बसतं जो नेमका तुमच्या शेड्युलरला हवा असतो. कॉर्टेक्स-एम बूट होणं एवढं सरळ आहे की हातानेच करावं, फ्लॅशच्या सुरुवातीला पहिला शब्द स्टॅक पॉइंटर, दुसरा शब्द रिसेट हँडलरचा पत्ता, बास, तिथून तुमचं सी सुरू.

या बोर्डावर कुठवर जाता येतं? राउंड रॉबिनपासून (टास्क आळीपाळीने चालवणं) प्रायोरिटी शेड्युलर, सेमाफोर, म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप), एसव्हीसी इन्स्ट्रक्शनमधून सिस्टिम कॉल, टास्कला अनप्रिव्हिलेज्ड मोडमधे टाकणं. माझा आवडता प्रयोग प्रायोरिटी इन्व्हर्जनचा आहे. १९९७ मधे नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरल्यावर परत परत रिसेट होत होतं, त्याचं कारण हेच, खालच्या प्रायोरिटीच्या टास्कने म्युटेक्स धरलेला, वरची टास्क त्याची वाट बघतेय आणि मधली टास्क मधेच प्रोसेसर खातेय. त्यावरच्या व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसमधे प्रायोरिटी इनहेरिटन्सचा (म्युटेक्स धरणाऱ्या टास्कला तेवढ्यापुरती वरची प्रायोरिटी देण्याचा) पर्याय होता, तो त्या म्युटेक्ससाठी बंद होता, पृथ्वीवरून चालू केला. न्यूक्लिओवर तीन टास्क, एक म्युटेक्स आणि तीन रिकाम्या पिना घेऊन हे सगळं हुबेहूब घडवता येतं. प्रत्येक टास्क चालू झाली की तिची पिन वर, थांबली की खाली, आणि आठ चॅनलचा २४ मेगाहर्ट्झवाला स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर लावून पल्सव्ह्यू या प्रोग्राममधे बघा. इनहेरिटन्स नसताना वरच्या टास्कची रेघ किती वेळ खाली पडून राहते ते डोळ्यांनी दिसतं, मग कोड घाला, परत बघा. वर्गात फळ्यावर काढलेल्या आकृतीने जे डोक्यात जात नाही ते इथे जातं. तो अ‍ॅनालायझर बोर्डासोबतच घ्या, त्याच्यावर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

कमतरता. एमएमयू (व्हर्च्युअल पत्ते खऱ्या पत्त्यांत बदलणारं युनिट) नाही, त्यामुळे व्हर्च्युअल मेमरी, पेजिंग, फोर्क, हे इथे होणार नाही. मेमरीचं संरक्षण आहे पण एमपीयूचं, आठ रिजन, प्रत्येकाचा आकार दोनच्या घातात आणि सुरुवातही त्याच आकाराच्या पटीत, म्हणजे ५ केबीचा स्टॅक संरक्षित करायला ८ केबीचा रिजन, किंवा सबरिजनची कसरत. १२८ केबीमधे ती उधळपट्टी जाणवते. कोअर एकच, म्हणजे स्पिनलॉक (कोअर-कोअरमधलं कुलूप) वगैरेचा खरा अनुभव नाही. या तीन गोष्टी हव्या असतील तर पुढे वाचा.

त्याआधी ब्लू पिल नावाच्या बोर्डाबद्दल, कारण तो सगळ्यात स्वस्त म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पहिला तोच समोर ठेवतात. त्यावर एसटीएम३२एफ१०३सी८ असते असं म्हणतात, ७२ मेगाहर्ट्झ, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. म्हणतात अशासाठी की बाजारात त्यावर नकली किंवा नक्कल केलेल्या चिप भरपूर आहेत, ओपनओसीडी मग आयडी जुळत नाही म्हणून जोडायलाच नकार देतं. खरी चिप १ ने सुरू होणारा आयडी देते, बऱ्याच नकला २ ने. एलईडी ब्लिंक करायला काही फरक पडत नाही, पण कर्नल शिकताना चूक माझ्या कोडची की चिपची हा प्रश्न उभा राहणं हेच नको. वर त्यात एमपीयू नाही आणि डीबगर वेगळा घ्यायचा. वाचलेले पैसे तिथेच जातात. बजेट खरंच कमी असेल तर न्यूक्लिओ-एफ४०१आरई किंवा एफ४११आरई बघा, तोच बोर्ड, तोच डीबगर, ८४ किंवा १०० मेगाहर्ट्झ, रॅम अनुक्रमे ९६ आणि १२८ केबी, शिकायला काहीही फरक नाही. ज्यांच्याकडे कॉलेजमुळे एफ४०७ डिस्कव्हरी आधीच आहे त्यांनी नवीन घेऊ नये, तोही झकास आहे, फक्त जुन्या रिव्हिजनला सीरियल पोर्ट नाही म्हणून ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लावा आणि त्याच्या १९२ केबीतली ६४ केबी सीसीएम रॅम डीएमएला (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणाऱ्या सर्किटला) दिसत नाही एवढं ध्यानात असू द्या.

ईएसपी३२ वाले रागावतील पण वायफायच्या कामाला ती चिप उत्तम आणि कर्नल शिकायला माझ्या मते नाही. त्यांचं सगळं विश्व फ्रीआरटीओएस या तयार आरटीओएसवर उभं आहे आणि वायफायचा भाग बंद बायनरीत, म्हणजे खालचा मजला तुमचा नसतोच. ईएसपी३२-सी३ मधे रिस्क-फाइव्ह (आर्मसारखीच पण खुली प्रोसेसर रचना) कोअर आहे आणि यूएसबीवरच जेटॅग (डीबगरचा जोड) मिळतो हे मात्र चांगलं केलंय.

आता एमएमयू. इथे बोर्ड विकत घ्यायच्या आधी क्यूईएमयू या एम्युलेटरवर (कॉम्प्युटरमधेच चालणारं नकली मशीन) काम करा, त्यातलं रिस्क-फाइव्हचं व्हर्ट मशीन, ज्यावर एमआयटीचा शिकवण्यासाठीचा कर्नल एक्सव्ही६ चालतो. पेज टेबल, ट्रॅप, युजर मोड हे सगळं तिथे शिकून होतं, जीडीबी लावता येतो आणि खर्च शून्य. पण क्यूईएमयू कॅश दाखवत नाही. मेमरी बॅरियर विसरा, कॅश साफ करायची विसरा, तिथे सगळं गोड चालतं. खऱ्या बोर्डावर तोच कोड कोसळतो, आणि तो कोसळण्यातूनच शिकायला मिळतं, म्हणून कधीतरी खरा बोर्ड लागतोच.

रास्पबेरी पाय ३ किंवा झीरो २ डब्ल्यू त्यासाठी वाईट नाहीत, पण आत कसं चालतं ते समजून घ्या. पाय चालू केला की आधी आर्म उठतच नाही, जीपीयू उठतो, तो एसडी कार्डावरून स्वतःचं बंद फर्मवेअर वाचतो, कॉन्फिग फाइल वाचतो, मग कर्नल८ नावाची तुमची फाइल रॅममधे ८०००० हेक्सला ठेवतो आणि आर्मला सोडतो. म्हणजे बूटचा सगळ्यात रंजक भाग तुमच्या हातात नाही. इंटरप्ट कंट्रोलर पाय ३ मधे ब्रॉडकॉमचा स्वतःचा, आर्मचा स्टँडर्ड जीआयसी पाय ४ पासून आला. आणि डीबगर बोर्डावर नाही, जेटॅग काढता येतो पण जीपीआयओ २२ ते २७ वर वायरी काढून, वेगळा जेटॅग अ‍ॅडाप्टर घेऊन, कॉन्फिगमधे ओळ घालून. तोपर्यंत काम काय, कार्ड काढा, फाइल टाका, कार्ड घाला, सीरियलवर काय येतं बघा, परत. अजून एक, ज्यावर लोकांचे वीकेंड गेलेत. कॉर्टेक्स-ए५३ वर एमएमयू आणि कॅश चालू करायच्या आधी एक्सक्लुझिव्ह लोड-स्टोअरवर (ज्या इन्स्ट्रक्शनवर लॉक बांधतात त्यांवर) भरवसा ठेवता येत नाही, क्यूईएमयूवर पळणारा स्पिनलॉक बोर्डावर गपकन अडकतो. आधी पेज टेबल, मग स्पिनलॉक, हा क्रम ठेवा. पाय ५ या कामासाठी घेऊच नका, त्याचे जीपीआयओसकट बरेचसे पेरिफेरल पीसीआयई बसच्या पलीकडे आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमधे गेलेत, म्हणजे एलईडी लावायला आधी पीसीआयई.

मला विचाराल तर एमएमयूसाठी बीगलबोन ब्लॅक. जुना आहे, एकच कॉर्टेक्स-ए८ कोअर, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, आणि आजच्या मानाने किंमत जास्त वाटते हे खरं. पण टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीचं त्यातल्या एएम३३५एक्स चिपचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल उघड आहे, जवळपास पाच हजार पानं, आणि चिपमधलं रॉम काय करतं, एसडीवरून एमएलओ (पहिला बूटलोडर) फाइल कशी शोधतं, इथपर्यंत त्यात लिहिलंय. सीरियलला सहा पिनांचा वेगळा हेडर आहे. डीडीआर चालू करायचं किचकट काम यू-बूट या बूटलोडरवर सोडा आणि पुढे त्याच्यातूनच तुमची इमेज इथरनेटवरून टीएफटीपीने रॅममधे ओढा, कार्ड काढा-घालायचा प्रकारच संपला. बदल केला, मेक मारलं, रिसेट दाबलं, नवीन कर्नल चालू. शिकताना ही फेरी किती लहान आहे यावर तुम्ही टिकता की सोडून देता हे ठरतं, मी कितीतरी मुलांना कार्डाच्या कंटाळ्याने सोडताना बघितलंय.

आपल्याकडचं म्हणून सी-डॅकच्या एरीज बोर्डाचा उल्लेख करतेच. त्यावर त्यांचाच वेगा प्रोसेसर असलेली थेजस३२ चिप आहे, ३२ बिटचा रिस्क-फाइव्ह, १०० मेगाहर्ट्झ, २५६ केबी एसरॅम. भारतात बनवलेल्या कोअरवर स्वतःचा कर्नल उठवायचा आनंद वेगळाच, आणि मला मनापासून वाटतं की आपल्या कॉलेजांनी हा लॅबमधे आणावा. मात्र पहिला बोर्ड म्हणून नको, कारण अडलात तर उत्तर देणारी माणसं अजून मोजकी आहेत. दुसरा किंवा तिसरा बोर्ड म्हणून, एकदा कर्नल दुसरीकडे चालत असला की तो इथे आणायला जरूर घ्या.

दुसरा बोर्ड म्हणून मी रास्पबेरी पायवाल्यांचाच पिको सांगते, आणि आता घ्यायचा तर पिको २. पहिला पिको जानेवारी २०२१ मधे ४ डॉलरला आला, आरपी२०४० चिप, दोन कॉर्टेक्स-एम०+ कोअर, १३३ मेगाहर्ट्झ, २६४ केबी रॅम. डेटाशीट इतकं छान लिहिलंय की वाचत बसावं. डीबगर बोर्डावर नाही, पण दोन पिको घ्या आणि एकात डीबगप्रोबचं फर्मवेअर टाका, तो दुसऱ्याचा डीबगर होतो. दोन कोअर असल्यामुळे लॉकचे खरे प्रश्न इथे भेटतात, आणि गंमत म्हणजे एम०+ मधे एक्सक्लुझिव्ह इन्स्ट्रक्शन नाहीतच, म्हणून चिपमधे ३२ हार्डवेअर स्पिनलॉक दिलेत, रजिस्टर वाचलं आणि शून्य नाही आलं तर लॉक तुमचा. पण माझ्या पहिल्या कसोटीला तो कमी पडतो. एम०+ मधे ते फॉल्ट स्टेटसचं रजिस्टर नाही, सगळं काही हार्डफॉल्ट, का ते चिप सांगत नाही. सायकल काउंटर नाही, आणि कोड बाहेरच्या फ्लॅशमधून १६ केबी कॅशमार्गे चालतो म्हणून वेळ मोजायला गेलं की आकडे उड्या मारतात, कॉन्टेक्स्ट स्विचचा कोड रॅममधे ठेवावा लागतो.

पिको २ ने यातलं बरंच भरून काढलं. ऑगस्ट २०२४, ५ डॉलर, आरपी२३५० चिप, ५२० केबी रॅम, १५० मेगाहर्ट्झ, आणि कॉर्टेक्स-एम३३ चे दोन कोअर. एम३३ मधे फॉल्ट रजिस्टर परत आलं आणि स्टॅकच्या मर्यादेचं वेगळं रजिस्टर पण, म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लोसाठी वॉचपॉइंट खर्च करायला नको, हार्डवेअरच पकडतं. सुरुवातीच्या स्टेपिंगमधे इनपुट पिनेचं पुलडाऊन नीट काम करत नाही, पिन अर्ध्यावर साधारण २.२ व्होल्टला अडकते, इराटामधे (चिपमधल्या चुकांच्या यादीत) ई९ म्हणून आहे, बाहेरून रेझिस्टर लावला की प्रश्न मिटतो. पण मी तो घ्यायला सांगते ते वेगळ्याच कारणासाठी. त्याच चिपमधे हॅझार्ड३ नावाचे दोन रिस्क-फाइव्ह कोअर पण आहेत आणि बूट करताना तुम्ही ठरवता की आर्म चालवायचे की रिस्क-फाइव्ह. पेरिफेरल तेच, यूआर्ट तेच, पत्ते तेच, बदलतो फक्त कोअर. कर्नलमधलं कोअरवर अवलंबून काय आणि नाही काय हे वेगळं काढायला याच्यापेक्षा स्वच्छ प्रयोगशाळा मला माहीत नाही.

न्यूक्लिओवर लिहिलेला कर्नल पिको २ च्या रिस्क-फाइव्ह कोअरवर नेताना पहिल्याच दिवशी कळतं की इथे पेंडएसव्ही नाही, शेड्युलरला हाक मारायला सॉफ्टवेअर इंटरप्टचा बिट स्वतः लावायचा. सिसटिकऐवजी ६४ बिटचा एमटाइम टायमर. आणि ट्रॅप आला की स्टॅकवर काहीच आपोआप ढकललं जात नाही, हार्डवेअर एमईपीसी, एमकॉझ आणि एमस्टेटस एवढंच सांभाळतं, बाकी सगळी रजिस्टर तुम्ही, हाताने, एक एक. आर्मवर आठ शब्द आयते मिळत होते त्याची किंमत मग कळते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांचं सध्या इथेच चाललंय, एका कोअरवर टास्क बदलायला लागल्यात, दुसरा कोअर अजून उठवायचाय.